दुसरी वाटी

वैष्णवीने पाचव्यांदा घंगाळातलं पाणी बदललं आणि या वेळी हातांऐवजी लाटणं बुडवलं.

पांढुरक्या पाण्यात आधी एक बारीक पिवळी रेघ सुटली. मग ती पसरली, आणि बघता बघता घंगाळभर हळद कालवल्यासारखं झालं. लाटण्यालाही कावीळ होती.

ती उकिडवी बसून बघत राहिली. पहिल्यांदा तिने दोन्ही हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळून ते चुन्याच्या पाण्यात धुतले होते. पाणी पिवळं. दुसऱ्यांदा नुसतेच हात धुतले. काही नाही. तिसऱ्यांदा एकाच हाताला रस लावला. चौथ्यांदा हात कोरडे ठेवून रसच चमचाभर ओतला. दोन्ही वेळा पिवळं, आणि आता तोच रस लाटण्याला चोळला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त तिला बीडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना लागली होती. कावीळ तिला जन्मात झाली नव्हती. लाटण्याचंही तसंच असावं.

"लाटणं नीट घासून ठेव," मागून आवाज आला. "चुना ऱ्हायला तर पोळ्यांना चव येती."

केशरबाई, तिच्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. गोठ्यातून आल्या होत्या. लुगड्याचा काठ शेणाने ओला होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, याचाच वैष्णवीला राग आला.

नेकनूरपासून तीन किलोमीटरवरच्या या वस्तीवर दर रविवारी आणि बुधवारी लोक कावीळ उतरवून घ्यायला यायचे. केजपासून गेवराईपर्यंतचे. केशरबाई अंगणातल्या कडुलिंबाखाली पाट मांडून बसायच्या, आलेल्याच्या हातांना रस चोळायच्या आणि घंगाळात हात धुवायला लावायच्या. पाणी पिवळं झालं की लोक सुटकेचा श्वास टाकायचे. घेत त्या काहीच नव्हत्या. कुणी नारळ ठेवला तर ठेवला. हे औषध या घरात सासूकडून सुनेकडे यायचं. लेकीला सांगत नसत, लेकीबरोबर ते दुसऱ्याच्या घरी गेलं असतं. येत्या सर्वपित्री अमावास्येला ते वैष्णवीला सांगायचं ठरलं होतं. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि आठही महिने रविवारी-बुधवारी ती मुद्दाम आत चुलीपाशी थांबली होती. बाहेरचं तिला बघवत नव्हतं.

"कळलं?" केशरबाईंनी विचारलं.

"कळलं. आत्याबाई, कावीळ-बिवीळ काही उतरत नाही यात. आंब्याच्या सालीत एक द्रव्य असतं, ते चुन्यात पिवळं होतं. कुणाचेही हात बुडवा."

"मग?"

"मग काय? लोकांना वाटतं कावीळ हातांतून निघून गेली. ही फसवणूक आहे."

केशरबाई आत आल्या, माठातलं पाणी घटाघटा प्यायल्या. "माझ्या सासूनं मला सांगितलं तवा मी सतरा वर्षांची व्हते. मला बी असंच वाटलंतं. पर लाटणं बुडवायचं काय सुचलं न्हाई." त्या हसल्या. "तू हुशार हायस."

"हसू नका. मी त्या पाटावर बसणार नाही. सर्वपित्रीला मला काही सांगूही नका. आणि आज लोक आले की सगळ्यांसमोर हे करून दाखवणार आहे."

"दाखव. जीभ तुझी हाय, हात तुझे हायत." त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. "पर आधी रस करून ठेव. तू समदा खेळून संपवलास."

वैष्णवीने साल आणली, पाट्यावर वाटली आणि पाणी घालून गाळली. हात रागाने चालत होते, त्यामुळे काम लवकर झालं. कोनाड्यात दोन पितळी वाट्या असायच्या. मोठी तिनेच रिकामी केली होती. धाकटीच्या तळाशी मागच्या वेळचं तसंच तपकिरी पाणी होतं आणि त्यात पाच-सहा मुंग्या मरून पडल्या होत्या. तिने ते मोरीत ओतलं, वाटी घासली आणि दोन्ही वाट्या ताज्या रसाने काठोकाठ भरल्या. दाखवायचंच तर भरपूर असलेलं बरं.

आठ वाजेपर्यंत अंगणात दहा-बारा जण जमले. भाद्रपदात कावीळ दरसालच वाढायची. ओढ्याचं गढूळ पाणी विहिरींना लागायचं, हे वैष्णवीने लग्नानंतर महिनाभरात ताडलं होतं. ती घरात पाणी उकळूनच ठेवायची. आज ती पहिल्यांदाच सासूबाईंच्या शेजारी, वाट्यांपाशी बसली. जमलेल्यांना वाटलं सून शिकायला बसली आहे. दोघीतिघींनी कौतुकाने बघितलंसुद्धा.

पाटावर पहिला आला धुळाजी. शेजारच्या तांड्याजवळ राहणारा, दरवर्षी बायकोबरोबर ऊसतोडीला जाणारा. डोळे झेंडूसारखे पिवळे. बायको चतुराबाई मागे उभी राहून त्याच्या वतीने बोलत होती.

"जेवत न्हाई का पीत न्हाई. माश्या हाकलाय सुदिक हात उचलत न्हाई. आधीच कामाचा व्हता असं न्हाई, पर आता तर पारच."

केशरबाईंनी त्याची पापणी ओढून बघितली. नखं दाबली. बरगडीखाली चार बोटं रुतवली. लघवीचा रंग विचारला, झोप विचारली. मग म्हणाल्या, "दोनी हात म्होरं कर. पंजे वर. एसटीला हात करतो तसं. धर तसंच."

धुळाजीने पंजे उभे धरले. केशरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, ओठांत काही पुटपुटल्या. मंत्र असावा, असं वैष्णवीला वाटलं. नंतर लक्ष दिल्यावर कळलं की त्या आकडे मोजत होत्या. वीसपर्यंत. मग मोठ्या वाटीतला रस चोळला, हात घंगाळात गेले, पाणी पिवळं झालं, आणि बसलेल्यांमधून "निघाली, निघाली" असा आवाज उठला.

"एकवीस दिस इळा धरायचा न्हाई," केशरबाईंनी सांगितलं. "तेल न्हाई, तिखट न्हाई, दारूचा थेंब न्हाई. पाणी उकळून. रोज उपाशीपोटी भुईआवळी वाटून ताकातनं."

"एकवीस दिस?" चतुराबाई म्हणाली. "सोयाबीन काढणीला आलंय. मी एकटीनं काढू का ते?"

"ह्यानं पथ्य मोडलं तर उलटती. मग सोयाबीन बी एकटीनंच काढ आन ह्याला बी एकटीनंच उचल."

चतुराबाई नवऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागली.

वैष्णवीच्या मनात काहीतरी खटकलं. विश्रांती, उकळलेलं पाणी, दारू बंद. कुठल्याही डॉक्टरने हेच सांगितलं असतं आणि चतुराबाईने दुसऱ्या दिवशी धुळाजीला शेतात ढकललं असतं. पण म्हणून खोटं खरं होत नाही. तिने पहिल्या पेशंटला उठायचं ठरवलं होतं, मग तिसऱ्याला. पाचवा उठल्यावर ती उभी राहिली.

"थांबा. सगळ्यांनी इकडे बघा." तिने दोन्ही हातांना रस चोळला. "मला कावीळ नाही. माझे डोळे बघा, नखं बघा. आणि आता हे बघा."

तिने हात बुडवले. पाणी पिवळं झालं. ती वर बघू लागली.

सगळ्यांच्या माना घंगाळावर झुकल्या. मग चतुराबाईने तोंडावर हात ठेवला. "अगं बया! सुनेला बी धरली की!"

"आतनं आसंल. डोळ्यात याची बाकी आसंल," मागून कुणी म्हणालं.

"केशरबाई, घरात पेशंट ठिवून जगाला काय वाटता? लेकराला आधी ताक पाजा."

अंगण हसलं, पण मायेने हसलं. एका म्हातारीने पुढे होऊन वैष्णवीच्या कपाळाला हात लावून बघितला. वैष्णवी ओल्या पिवळ्या हातांनी तशीच उभी राहिली. कॉलेजात प्रयोग फसला तर कारण सापडायचं. इथे प्रयोग नेमका बरोबर आला होता.

"बस," केशरबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "पाणी बदल."

तेवढ्यात पांढरी जीप थेट अंगणात आली. लोक भराभरा बाजूला झाले. गेवराईकडच्या मोठ्या बागायतदाराला, विजयसिंह आबांना, सगळे ओळखत होते. त्यांचा मुलगा अंगद गाडी चालवत होता. त्याने मागचं दार उघडून बायकोला जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. स्वप्नाली वीस-बावीसची असेल. आठवा महिना असावा. पाटावर बसताना तिचा तोल गेला आणि कुणी धरायच्या आत ती स्वतःशीच हसली.

"बाई, सुनेचं बघा," विजयसिंह म्हणाले. "गर्दी असली तर थांबतो."

"न्हाई, बघते."

केशरबाईंनी पापणी ओढली. आतलं पांढरं कुठे उरलंच नव्हतं.

"झोप?"

"दिवसभर झोपती," अंगद म्हणाला. "रात्री टक्क जागी. कालपासनं काहीबाही बोलती. मला दादा म्हणाली."

केशरबाई तिच्या तोंडाजवळ नाक नेऊन थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, हात म्होरं कर. एसटीला करतो तसं."

स्वप्नालीने हात पुढे केले. पंजे उभे राहिले आणि लगेच खाली पडले. तिने पुन्हा उचलले. पुन्हा पडले. पंख धरता न येणाऱ्या पाखरासारखी ती फडफड चालू राहिली. या वेळी केशरबाईंनी वीसपर्यंत मोजलं नाही.

"वैष्णवे, ती दुसरी वाटी दे."

आज सकाळपासून त्यांनी पहिल्यांदाच ती मागितली होती. वैष्णवीने दिली. केशरबाईंनी तपकिरी रस स्वप्नालीच्या हातांना चोळला, मनगटं धरून हात घंगाळात ठेवले आणि विजयसिंहांकडे तोंड करून बोलायला लागल्या, "आबा, हे काय माझ्याच्यानं..."

पाणी पिवळं झालं.

केशरबाईंचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, आणि मग वैष्णवीकडे.

मुंग्या. वैष्णवीला सकाळची धाकटी वाटी आठवली. सालीचा रस तुरट असतो. त्याला मुंग्या कशाला लागतील? धाकट्या वाटीत गोड काहीतरी होतं, रसासारखंच दिसणारं. तिला मुंग्या दिसल्या होत्या आणि तिने त्या मोरीत ओतल्या होत्या.

"निघाली!" विजयसिंहांनी दोन्ही हात जोडले. "अंगद, नारळ ठेव. चल घरी."

"आबा," केशरबाई म्हणाल्या, "हिला बीडला न्या. सरकारी दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

"कावून? पिवळं आलं की."

"आलं. तरी न्या."

"बाई, रीत तुमचीच हाय. पिवळं आलं म्हंजी घर, पांढरं ऱ्हायलं म्हंजी दवाखाना. मागं आमच्या सालगड्याचं पांढरं ऱ्हायलं, तवा मीच गाडी दिलती. आज पिवळं आलं तर तुमी बीड म्हणता?" त्यांचा आवाज खाली आला. "काविळीत सुई टोचली की माणूस हातचं जातं. माझी भावजय अशीच पोटुशी व्हती. दवाखान्यात चालत गेली, बाजेवर आली."

"किती दिसांनी नेलतं तिला?"

विजयसिंहांनी नजर घंगाळाकडे वळवली.

पिवळं म्हणजे घर, पांढरं म्हणजे दवाखाना. वैष्णवीला आता दुसरी वाटी कशासाठी असते ते पूर्ण कळलं. ती उठली.

"पाणी चुकलंय. त्या वाटीत वेगळं काहीतरी असतं. मी न विचारता सालीचा रस भरला. माझी चूक आहे. ते पिवळं यायलाच नको होतं."

"ही सकाळपासनं बरळतीय, आबा," चतुराबाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "हिला बी धरलीय. आमी डोळ्यानं बघितलं."

"नाही हो! कुणाचेही हात..." वैष्णवी पुढे झाली, पण आता तिच्याकडे सगळे आजाऱ्याकडे बघावं तसं बघत होते. तिने सासूबाईंकडे बघितलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर लोकांना पटलं असतं. आणि तो बोलल्यावर या पाटावर पुन्हा कोण आलं असतं?

केशरबाईंनी घंगाळ उपडं केलं. माठातलं पाणी घेतलं, चुना टाकला, हाताने ढवळला. मग उठून सरळ विजयसिंहांचं मनगट पकडलं.

आबांचा हात धरायचं धाडस तिथल्या कुणीही कधी केलं नसतं. केशरबाईंनी त्या हाताला रस चोळला आणि कोपरापर्यंत घंगाळात दाबला.

"तुमाला कावीळ हाय का, आबा?"

पाणी पिवळं होत गेलं. विजयसिंह बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले.

"मग हे काय निघालं?" केशरबाईंनी हात सोडला. "चाळीस वर्षं झाली मी हेच करते. आंब्याची साल आन चुना. जे घरी बरं व्हणार त्याला सालीचा रस. ज्याला दवाखाना लागणार त्याला करपल्या गुळाचं पाणी. त्यानं काय व्हत न्हाई, पांढरं ते पांढरंच ऱ्हातं. नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर कोण गेलं असतं? तुमी गेला असता?"

धुळाजी उठून उभा राहिला. मग बसला. चतुराबाईचं तोंड उघडं होतं आणि त्यातून पहिल्यांदाच काही येत नव्हतं.

विजयसिंहांनी उपरण्याला हात पुसला. पिवळेपणा उपरण्याला लागला तसा त्यांचा चेहरा घट्ट झाला.

"म्हंजी चाळीस वर्षं जगाला येडं केलंस."

"केलं."

"आन आता म्हणतीस बीडला ने. खोट्या बाईचं मी कावून ऐकू? पाणी खोटं तर तुझं बीड तरी कशावरनं खरं?"

वैष्णवीने सकाळी जे सिद्ध करायचं ठरवलं होतं ते आता सिद्ध झालं होतं, आणि त्याचा उपयोग नेमका उलटा होत होता.

"अंगद, उचल तिला. घरी चल. आन बाई, उद्यापासनं ह्या झाडाखाली कोण बसतंय ते मी बघतो."

"बघा," केशरबाई म्हणाल्या. "पर आज तिला न्या." मग त्या अंगदकडे वळल्या. "अंगदा, पाण्याचं सोड. तू तिचे हात बघितलेस. माझ्याकडं बघू नको, तिच्या हाताकडं बघ."

अंगदने स्वप्नालीला मागच्या सीटवर आडवं केलं. तो दार लावायला वळला तेव्हा वैष्णवी दुसऱ्या दाराने आत बसली होती आणि स्वप्नालीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"उतर," विजयसिंह म्हणाले.

"बीडला उतरते."

"पोरी, मी कोण हाय म्हाईत हाय का?"

"माहीत आहे. मला ओढून काढावं लागेल. काढा."

अंगणात दहा-बारा माणसं उभी होती आणि समोर दुसऱ्याची सून होती. विजयसिंह पुढच्या सीटवर बसले आणि दार धाडकन लावलं. गाडी निघताना वैष्णवीने मागे बघितलं. केशरबाई घंगाळ उलटं करून धूत होत्या. लोक अजून गेले नव्हते, पण पाटावरही कुणी बसलं नव्हतं.

मांजरसुंबा मागे पडलं. घाट उतरताना स्वप्नालीने डोळे उघडले. वैष्णवीने तिला विचारलं, "नाव काय तुझं?" तिने विचार केला, बराच वेळ केला, आणि पुन्हा डोळे मिटले.

"अंगद भाऊ," वैष्णवी म्हणाली. "आरशात बघा."

तिने स्वप्नालीचे पंजे उभे धरून सोडले. ते पडले.

"लिव्हर काम करेनासं झालं की अंगातलं विष मेंदूपर्यंत पोचतं. मग रात्रीची झोप दिवसावर जाते, माणसं ओळखू येत नाहीत, पंजे असे पडतात. बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होते, म्हणून झाडपाल्यालाही यश येतं आणि पाण्यालाही. पण पोटात बाळ असताना अशी उलटली तर दिवस मिळत नाहीत. तास मिळतात."

"तू डॉक्टर हायस का?" विजयसिंहांनी समोर बघतच विचारलं.

"नाही. बीएस्सी."

"मग?"

"मग काही नाही. आत्याबाईंना तेही नाही. त्यांना चाळीस वर्षं आहेत."

बीडच्या अलीकडे रस्ता फुटतो. एक शहरात जातो, दुसरा बायपासने बाहेरच्या बाहेर गेवराईला. पाटी दिसायला लागली तसे विजयसिंह म्हणाले, "बायपासनं घे."

अंगदने वेग कमी केला. आरशात बघितलं. मग गाडी शहराच्या रस्त्याला घातली.

"मी काय म्हणलो?"

"ऐकलं, आबा," अंगद म्हणाला, आणि हॉर्नवर तळहात ठेवला तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत उचललाच नाही.

तातडीच्या खोलीत पन्नाशीतल्या एक सिस्टर कागद भरत होत्या. छातीवरच्या बिल्ल्यावर सुनिता असं नाव होतं. त्यांनी मान वर न करता प्रश्न सुरू केले. वय. महिना. डोळे कधीपासून पिवळे. शुद्ध कधीपासून कमी. अंगद उत्तरं देत होता. वॉर्डबॉयने स्वप्नालीला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा तिच्या पायांतल्या चपला फरशीवर पडल्या.

"आधी कुठे दाखवलं?"

अंगद थांबला. विजयसिंह भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले.

वैष्णवीला पुढचं सगळं माहीत होतं. गावठी औषधं करता, मग शेवटच्या घटकेला आमच्या दारात आणता. हे ती स्वतःच आज सकाळपर्यंत म्हणत होती. तिने पदर खोचला.

"नेकनूरजवळ. केशरबाईंकडे. त्यांनीच पाठवलं."

सिस्टरचं पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं, आणि रक्तगट विचारावा तसं सरळ विचारलं, "पांढरं पाणी?"

म्हणजे इथेही पांढऱ्या पाण्याचा अर्थ ठाऊक होता.

"पाणी चुकलं," ती म्हणाली. "ती माझी चूक. बाईंनी हात बघून पाठवलंय. पंजे पडतात."

सिस्टर खुर्चीवरून उठल्याच होत्या. "रांग सोडा, आत घ्या हिला! मॅडमना फोन लावा. केशरबाईंचा पेशंट आलाय म्हणावं, आठवा महिना." मग दारात उभ्या असलेल्या विजयसिंहांना, "काका, बाजूला व्हा."

विजयसिंह बाजूला झाले. स्ट्रेचर त्यांच्या समोरून आत गेलं, मागोमाग अंगद.

सिस्टरनी जाता जाता कागदाच्या तुकड्यावर एक नंबर लिहून वैष्णवीच्या हातात दिला. "आमचे आधीचे डॉक्टर म्हणायचे, बाईंनी पाठवलेला पेशंट थांबवायचा नाही. हा इथला आताचा नंबर. असं कुणी दिसलं की निघायच्या आधी लावा."

"पाणी आता चालणार नाही," वैष्णवी म्हणाली. "आज सगळ्यांनी बघितलं ते कसं होतं. आता नुसतं तोंडानं सांगावं लागेल."

"ऐकतील?"

वैष्णवीने वळून बघितलं. विजयसिंह खाली वाकले होते. त्यांनी सुनेच्या चपला उचलल्या, दोन्ही एका हातात धरल्या, आणि बंद झालेल्या दाराकडे बघत तसेच उभे राहिले.